एकेचाळीस लाल गोल : नववीतल्या एका निबंधाचे प्रकरण

नववीचा प्रथम सत्राचा मराठीचा पेपर. निबंध दहा गुणांचा, विषय 'शेतकऱ्याच्या घरातला एक दिवस'. त्या गठ्ठ्यातला एक पेपर मी आजही कपाटात जपून ठेवला आहे. दोन पाने भरून लिहिलेला निबंध आणि त्यावर माझ्याच लाल पेनाचे एकेचाळीस गोल. गुण दहापैकी तीन.

लिहिणारी मुलगी वर्गात फारशी न बोलणारी, मागून दुसऱ्या बाकावर बसणारी. घरी दोन एकर कोरडवाहू कापूस आणि बाकी आईची रोजमजुरी. शाळा अकोला-अमरावतीच्या पट्ट्यातली, तालुक्याच्या गावची. तिने वेचणीचा दिवस लिहिला होता. पहाटे भाकरी बांधून घेणे, दव वाळेपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, थांबणे, कमरेला बांधलेली झोळी भरत जाणे, संध्याकाळी काट्यावर होणारे वजन आणि किलोप्रमाणे हातात पडणारी मजुरी. आणि मध्येच हे वाक्य:

'माय घरी आली की मिठाच्या डब्याला हात लावत नाही, मि लावते.'

बोंड उकलले की त्याच्या पाकळ्या वाळून टोकदार होतात. दिवसभर कापूस ओढून बोटांची टोके सोलवटतात आणि संध्याकाळी मीठ झोंबते. हे तिने समजावून सांगितलेच नव्हते. वाचणाऱ्याला कळेल असे धरून ती पुढे गेली होती. मी त्या वाक्यातल्या 'मि'भोवती गोल काढला आणि मीही पुढे गेले.

खरे तर आशय आणि मांडणी पाहून मनात आठ गुण ठरवले होते. पण आमच्या शाळेत मराठीच्या शिक्षकांनी मिळून एक रीत पाडली होती: शुद्धलेखनाच्या प्रत्येक चुकीला अर्धा गुण वजा, आणि कितीही चुका असल्या तरी एकूण गुणांच्या निम्म्यापर्यंतच कापायचे. एकेचाळीस चुकांचे साडेवीस गुण होतात. निम्म्याची मर्यादा म्हणून पाच कापले, आठातून पाच गेले, तीन उरले. हिशेब बरोबर होता. ही रीत ठरवताना मीही हात वर केला होता, त्यामुळे या प्रकरणातली पहिली जबाबदारी माझी आहे.

नऊ ओळी

डिसेंबरच्या घटक चाचणीत निबंधाचा विषय होता 'माझे गाव'. त्याच मुलीने नऊ ओळी लिहिल्या. 'माझे गाव लहान आहे. माझे गाव छान आहे. गावात झाडे आहेत.' अशी छोटी छोटी वाक्ये, एकही जोडवाक्य नाही, एकही असा शब्द नाही की जिथे हात थबकावा. पूर्ण निबंधात एकही लाल खूण करावी लागली नाही. आशयाला मी चार दिले, कापायला काहीच नव्हते, म्हणून चारच राहिले.

गुण नोंदवहीत चढवताना दोन आकडे शेजारी आले. ऑक्टोबरला तीन, डिसेंबरला चार. नोंदवहीनुसार मुलगी सुधारली होती.

मी तिचा पेपर पुन्हा काढला. मागच्या कोऱ्या पानावर तिने कच्चे लिहून पाहिले होते. एका ओळीत 'बहिण' लिहून खोडले होते, खाली 'बहीण' लिहून तेही खोडले होते, आणि पुन्हा एकदा 'बहिण'. पक्क्या निबंधातली आठवी ओळ अशी होती: 'मला एक भाऊ आहे.'

तिला भाऊ नाही. तिची धाकटी बहीण आमच्याच शाळेत सहावीत आहे, दोघी रोज एकाच सायकलवर येतात.

मधल्या सुट्टीत तिला बोलावून विचारले. रागावले नाही, तरी ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभी राहिली. मग म्हणाली, "मॅडम, बहिणीची येलांटी पहिली का दुसरी ते मले समजतच नव्हतं. भाऊ लिहिता येते."

जड कापणीचा परिणाम मला या एका उत्तरात पूर्ण दिसला. आमची अपेक्षा अशी की गुण गेले की मूल शब्द नीट पाठ करील. मुलीने त्याहून सोपा आणि तिच्या दृष्टीने पूर्ण शहाणपणाचा मार्ग काढला: जो शब्द चुकू शकतो तो वापरायचाच नाही. त्यासाठी घरातली बहीण बदलून भाऊ करावा लागला तरी चालेल. आणि आमच्या गुणदानाने तिला एक गुण जास्त देऊन हा मार्ग बरोबर असल्याचे कळवले होते.

गोल एकेचाळीस, कारणे चार

त्या रविवारी मी ऑक्टोबरचा निबंध घेऊन बसले आणि प्रत्येक गोल कोणत्या शब्दावर आहे ते वेगळ्या कागदावर उतरवून काढले. हे काम गुण देण्याआधीच करायला हवे होते.

एकेचाळीस गोलांमध्ये वेगवेगळे शब्द निघाले फक्त सोळा. 'आणी' सात वेळा, 'कापुस' सहा वेळा, 'मि' पाच वेळा. एकच अज्ञान सात वेळा मोजून आम्ही त्याचे साडेतीन गुण लावत होतो. जी मुलगी जास्त लिहील आणि ज्या गोष्टीबद्दल मनापासून लिहील, तिला त्या गोष्टीचे नाव पुन्हा पुन्हा घ्यावेच लागणार. कापसावरच्या निबंधात कापूस सहा वेळा येणारच.

मग ते शब्द चुकीच्या प्रकारानुसार लावले. सर्वांत मोठा गट चौदा गोलांचा: कापुस, मजुर, उन, बहिण, दुध. या पाचही शब्दांना मराठीचा एकच नियम लागतो. शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल, म्हणजे त्याला काना, मात्रा, वेलांटी, उकार काहीच नसेल, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ: कापूस, मजूर, ऊन, बहीण, दूध. विभक्तीचा प्रत्यय लागला किंवा शब्दाचे रूप बदलले की तोच दीर्घ ह्रस्व होतो: मजूर पण मजुराला, ऊन पण उन्हात, बहीण पण बहिणीला, दूध पण दुधाचा. (कापूस, माणूस, लाकूड यांचा उकार तर पूर्णच जातो: कापसाला, माणसाला, लाकडाला.)

आता मुलीच्या बाजूने पाहा. रोजच्या बोलण्यात आणि वाचनात तिला 'उन्हात', 'दुधाचा', 'बहिणीला', 'मजुरी' ही रूपे मूळ शब्दाहून जास्त वेळा भेटतात. ती सगळी तिने बरोबर लिहिली होती, निबंधात 'मजुरी' चार वेळा आहे आणि चारही वेळा अचूक. 'मजुरी'वरून तिने 'मजुर' बनवला. यात निष्काळजीपणा नाही. माहीत असलेल्या रूपावरून न माहीत असलेले रूप काढण्याचा हा विचार आहे, फक्त त्याला आडवा जाणारा नियम तिला कोणी सांगितलेला नव्हता. मी तिला जूनपासून शिकवत होते, आणि मीही सांगितला नव्हता.

दुसरा गट शब्दाच्या शेवटच्या वेलांटीचा. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ लिहितात: मी, शेती, दिवाळी. तिने 'मि', 'शेति', 'दिवाळि' लिहिले होते, मिळून सात गोल. आणि 'आणि' हा या नियमाला अपवाद असलेला शब्द, तिथे ह्रस्व हवा, तर तिथे तिने नेमका दीर्घ दिला. त्याचे आणखी सात. म्हणजे शेवटच्या वेलांटीशी तिची ओळखच धड झालेली नव्हती, दोन्ही बाजूंनी.

तिसरा गट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करून गेला. वेचनी, पानी, कोनी, डोया. आठ गोल. या चुका नाहीत, हे वऱ्हाडी आहे. आमच्याकडे घराघरांत ण चा न होतो आणि ळ चा य. तिची माय पाणी मागताना 'पानी'च म्हणते, आणि मुलीने जे कानाने ऐकले ते हाताने लिहिले. प्रमाण मराठीत 'पाणी' आणि 'डोळा' लिहायचे असते हे तिला शिकायचे आहे, यात शंका नाही. पण त्या शब्दांवर 'अशुद्ध' म्हणून लाल गोल काढला की मुलीला जे ऐकू येते ते असे असते की घरातली बोली घाण आहे. म्हणूनच 'शुद्धलेखन' या शब्दापेक्षा 'प्रमाणलेखन' हा शब्द मला बरा वाटतो. दहावीच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेतही भाषाभ्यासात या घटकाचे नाव 'लेखननियमांनुसार लेखन' असेच आहे.

उरलेल्या पाचांत तीन वेळा 'शेतकर्याचे'. ऱ्या काढायचा तिथे तिने रफार दिला होता. आणि दोन ठिकाणी घाईत अक्षर सुटलेले. खरा निष्काळजीपणा म्हणावा असे एवढे दोनच.

एकेचाळीस गोल पाहणाऱ्या मुलीला एकेचाळीस संकटे दिसतात. प्रत्यक्षात होती चार, आणि एकेचाळीस गोलांतले निम्म्याहून जास्त दोन नियमांनी मिटणारे. लाल गोल चुकीची जागा दाखवतो, तिचे कारण दाखवत नाही.

कान इथे मदत करत नाही

हे सगळे मुलांना इतके जड का जाते, याचे कारण भाषेतच आहे. मराठी बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, आणि म्हणून आपण मुलांना सांगतो, 'नीट म्हणून बघ आणि लिही.' क, ख, ट, ठ यांना हे चालते. इ-ई आणि उ-ऊ यांना चालत नाही. 'मि' आणि 'मी', 'कापुस' आणि 'कापूस' मोठ्याने म्हणून पाहिले तर बोलणाऱ्याच्या तोंडून दोन्ही सारखेच येतात. दिन-दीन, शिर-शीर, सुत-सूत असे अर्थ बदलणारे थोडे जोड आहेत, तेही बहुतेक संस्कृतातून आलेले, आणि बोलताना आपण ते संदर्भाने ओळखतो. श आणि ष यांचीही हीच गत. मूल दहा वेळा म्हणाले तरी कानाला उत्तर मिळणार नाही. ते नियमानेच कळते, किंवा शब्द डोळ्यांनी शंभर वेळा पाहून. ज्या घरात पुस्तके, वर्तमानपत्रे आहेत तिथल्या मुलाने तो शब्द शंभर वेळा पाहिलेला असतो. म्हणजे वेलांटीला गुण कापताना आपण बऱ्याच वेळा घरात किती छापील कागद येतो यालाच गुण देत असतो.

त्यात संस्कृत शब्दांचे अपवाद. अकारान्तापूर्वीचा उकार दीर्घ म्हणून 'कापूस' शिकवले की मूल 'गूण' आणि 'मधूर' लिहिते, कारण गुण, विष, मधुर, मंदिर हे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, असल्याने ह्रस्वच राहतात हे त्याला कसे कळावे? 'रवी' दीर्घ, पण 'रविवार' ह्रस्व. 'बुद्धी' दीर्घ, पण 'बुद्धिमान' ह्रस्व. संस्कृत न शिकलेल्या मुलाला यात पाठांतराखेरीज वाट नाही.

आणि हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली, आणि आजचे अठरा नियम झाले. माझे आजोबा त्याआधी शिकलेले. त्यांच्या पत्रांत 'नांव', 'पांच', 'तुमचें पत्र पोंचलें' असे लिहिलेले आहे. तेव्हा हा अनुस्वार गाळणे ही चूक होती आणि त्यासाठी शाळेत छडी बसत असे. न उच्चारले जाणारे ते अनुस्वार १९६२ च्या नियमांनी काढून टाकले, आणि आज कोणी 'नांव' लिहिले तर मी गोल काढते. त्याहून मागे गेलो तर मोडी लिपीत एकच वेलांटी आणि एकच उकार, ह्रस्व-दीर्घाचा भेदच नाही. पेशवाईच्या दफ्तरातले हिशेब, करार, युद्धाचे खलिते त्याच लिपीत गेले. नियम नसावेत असे मला यातून म्हणायचे नाही. छापील व्यवहाराला एकच रूप लागते, शब्दकोशाला लागते, परीक्षेला लागते. पण माणसांनी एकत्र बसून ठरवलेल्या संकेताला आपण मुलाच्या बुद्धीचे माप बनवू नये एवढे मला ठामपणे वाटते. अठरा नियम करणाऱ्यांनीही वृत्तासाठी कवीला ह्रस्व-दीर्घात मोकळीक ठेवली आहे. कवीला जी सवलत मिळते तिचा थोडासा अंश शिकणाऱ्या मुलालाही मिळायला हवा.

वरिष्ठ सरांचे म्हणणे

हा कागद घेऊन मी स्टाफरूममध्ये गेले. आमचे वरिष्ठ सर मराठीच शिकवतात, निवृत्तीला चार वर्षे राहिलेली. अर्ध्या गुणाची रीत मूळ त्यांचीच. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि मग जे बोलले त्यावर मी अजूनही विचार करते.

"मॅडम, शहरातल्या पोराची वेलांटी चुकली तर लोक म्हणतात, घाईत चुकली. आपल्या पोराची चुकली तर म्हणतात, खेड्यातलं आहे, तेवढंच येणार. तुम्ही माफ कराल, बाहेर कोणी करणार नाही."

सर स्वतः अशाच घरातून आलेले. तरुणपणी त्यांनी दिलेला एक अर्ज एका कार्यालयात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून हसण्यावारी नेला गेला होता. नाव-गाव त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. त्या दिवशी त्यांनी ठरवले की आपल्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलावर अशी वेळ येऊ द्यायची नाही. त्यांच्या लाल पेनामागे ही माया आहे. तिला कडकपणा म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल.

मी त्यांना एवढेच विचारले की, सर, एवढी वर्षे अर्धा गुण कापतो आहोत, मग नववीत येणाऱ्या मुलांचे 'आणी' कमी झाले का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मुलीच्या कच्च्या पानावरचे तीनदा लिहून पाहिलेले 'बहीण' पाहिले आणि म्हणाले, "हे वाईट झालं."

आमचे एकमत झाले नाही, पण एका प्रश्नावर दोघेही थांबलो: मुलाला तो शब्द पडताळून पाहण्याची सोय होती का? नियम शिकवला होता का, हाताशी शब्दकोश होता का, वेळ होता का, पुन्हा लिहिण्याची संधी होती का? या सगळ्याला 'हो' असेल तर गुण कापणे योग्य आणि थोडे जड कापले तरी योग्य. परीक्षेच्या खोलीत, घड्याळाकडे पाहत, पहिल्यांदाच उतरत असलेल्या विचाराच्या मध्यावर यांतले काहीच हाताशी नसते. तिथे जड कापणीने मूल फक्त घाबरते.

जानेवारीपासून काय केले

बदल मी माझ्या एका वर्गापुरता केला, मुख्याध्यापकांना सांगून. निबंधाच्या दहा गुणांतले आठ आशय आणि मांडणीला, दोन लेखननियमांना. तोच शब्द पुन्हा चुकला तर पुन्हा मोजायचा नाही. बोलीतून आलेल्या रूपावर गोल नाही, त्याखाली पेन्सिलने रेघ आणि समासात प्रमाण रूप. वर्गात आम्ही त्याला 'घरचं' आणि 'वहीतलं' म्हणू लागलो: घरचं पानी, वहीतलं पाणी. मुलांनी हे फार पटकन उचलले, कदाचित दोन्ही शब्दांना जागा मिळाली म्हणून.

पंधरा दिवसांना एकच नियम. पहिला अर्थातच अकारान्तापूर्वीच्या दीर्घाचा. नियम फळ्यावर लिहून दिला नाही. मुलांकडून आपापल्या घरातल्या, शेतातल्या वस्तूंची जोडनावे काढून घेतली: ऊस-उसाला, तूर-तुरीची, मूग-मुगाचा, पीठ-पिठात, विहीर-विहिरीवर, वीट-विटा. वीस-पंचवीस जोड फळ्यावर झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, शेपूट लागलं की लहान होते." पुढे वर्गात नियमाचे नाव 'शेपटीचा नियम' असेच पडले. त्या पंधरवड्यात फक्त त्याच नियमाच्या चुकीला गुण कापले जातील असे आधी सांगितले होते. बाकी चुकांना नुसती खूण.

पहिला खर्डा तपासून परत द्यायचा, मुलांनी जोडीने बसून, वर्गातला शब्दकोश उघडून तो दुरुस्त करायचा, आणि दुसऱ्या खर्ड्यावर लेखनाचे दोन गुण. इथे मात्र मी सरांइतकीच कडक राहिले. शब्दकोश समोर असताना 'कापुस' राहिला तर गुण गेला.

याच पद्धतीने मी तो ऑक्टोबरचा निबंध पुन्हा तपासून पाहिला, केवळ स्वतःसाठी. आशयाला आठातले साडेसहा, लेखनाला दोनातला अर्धा, एकूण सात. नऊ ओळींच्या निबंधाला आशयाचे अडीच, लेखनाचे पूर्ण दोन, एकूण साडेचार. आता आकडे त्या दोन निबंधांविषयी खरे बोलत होते.

सगळे सरळ झाले नाही. वर्गातली दोन-तीन हुशार मुले, ज्यांना नियम आधीपासून येत होते, ती ढिली पडली. एकाने तर सांगूनच टाकले की दोनच मार्क आहेत, जाऊ द्या. त्यांच्या बाबतीत सरांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. येत असून न करणाऱ्या मुलाला कापणीचा धाक लागतो, आणि तो मी त्यांच्यापुरता परत आणला. सर्वांना एकच दंड हा जसा न्याय नाही, तशी सर्वांना एकच माफी हाही न्याय नाही.

आणखी एका मुलाविषयी थोडक्यात सांगायलाच हवे, कारण जड कापणीचा सर्वांत जास्त मार अशाच मुलांना बसतो. त्याच्या वहीत एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी चुकायचा, अक्षरे मागेपुढे व्हायची, तोंडी उत्तरे मात्र वर्गात सर्वांत चांगली. नियम शिकवून काही फरक पडेना. हे शिक्षकाने आपल्या मनाने ठरवण्याचे काम नाही, म्हणून पालकांना विश्वासात घेऊन जिल्हा रुग्णालयात तपासणीला पाठवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र मिळाले की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. आठवीपर्यंत तो 'निष्काळजी' म्हणून मार खात आला होता. तेव्हाच कोणी त्याच्या चुकांकडे गुणांपलीकडे पाहिले असते तर त्याची तीन-चार वर्षे वाचली असती.

फेब्रुवारी आणि एप्रिल

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, शाळेचे हस्तलिखित निघते. संपादन वरिष्ठ सरांकडे. मी तो कापसाचा निबंध त्यांच्या हाती दिला. मुलीने तो स्वतः पुन्हा लिहून काढला, धाकटी बहीण शेजारी बसून शब्दकोश पाहत होती. चार पाने झाली, कारण लिहिता लिहिता तिने वेचणीच्या पहिल्या दिवसाची शेतातली पूजाही घातली, जी परीक्षेत वेळ नाही म्हणून सोडली होती. हस्तलिखितात चूक चालत नाही, आणि तिच्या पानांत एकही राहिली नव्हती.

सरांनी एक दुरुस्ती सुचवली. 'माय'ऐवजी 'आई' कर म्हणाले. ती पहिल्यांदाच मान वर करून म्हणाली, "सर, मी तिले माय म्हणते." सरांनी क्षणभर कागदाकडे पाहिले आणि पान तसेच पुढे सरकवले.

एप्रिलच्या परीक्षेत तिने पावणेदोन पाने लिहिली. मी मोजले: सतरा ठिकाणी खूण करावी लागली. शेपटीच्या नियमाची चूक एकही नव्हती. 'वेचणी' बरोबर होती, 'पाणी' बरोबर होते. 'आणी' मात्र अजून पाच वेळा होती, तिच्यावर पुढच्या वर्षी काम करावे लागेल. त्या निबंधात बहीण होती, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या वेलांटीची.

वरिष्ठ सरांनी आठवीच्या औपचारिक पत्रासाठी अर्ध्या गुणाची कापणी तशीच ठेवली आहे. घरून लिहून आणायचे असते आणि पाहायला आठवडा असतो, म्हणून मलाही ती मान्य आहे. वर्गात लिहिलेल्या पहिल्या खर्ड्यासाठी मात्र त्यांनी या जूनपासून टेबलावर एक पेन्सिल ठेवली आहे.